अक्षरांच्या गावाची वेस

काळ्या स्क्रीनवर आधी पाच नावं उमटतात. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या ज्या पाच जणांनी १९९०-९१ मध्ये डिकूमड लिहिला, त्यांची. त्यांचा सांगाडा घेऊन कुणीही स्वतःचं जग उभारावं, फक्त ही नावं दारातच दाखवावीत आणि त्यातून नफा कमावू नये, अशी परवान्याची अट होती. नावांखाली प्रश्न येतो: तुला कोणत्या नावानं ओळखायचं? नाव लिहिलं की पासवर्ड, पुन्हा तोच पासवर्ड, पुरुष की स्त्री, लढवय्या, चोर, पुजारी की जादूगार. मग आकड्यांचा एक छोटा मेनू. त्यातला १ दाबला की खेळाडू मिडगार्ड नावाच्या नगरातल्या देवळात उभा असतो. देवळाचं काही ओळींचं वर्णन येतं आणि त्याखाली एक अगम्य ओळ उरते: २०एच १००एम ८२व्ही.

एच म्हणजे जीव, एम म्हणजे मंत्रशक्ती, व्ही म्हणजे पायांतलं बळ. हे कुणी सांगत नाही. नवखा माणूस सुचेल ते इंग्रजी वाक्य लिहितो, 'मला बाहेर जायचंय' अशा अर्थाचं. खेळ उत्तर देतो, 'हं?!' एवढंच. तो दुसरं वाक्य लिहायला घेतो. ते अर्ध्यावर असतानाच कुणीतरी देवळात आलं आणि दक्षिणेला निघून गेलं, अशी ओळ मधे घुसते. तिच्यामागोमाग गावभर ओरडून कुणी तलवार विकायला काढल्याची. साध्या टेलनेट खिडकीत येणारा मजकूर आणि लिहिला जाणारा मजकूर एकाच जागी पडतो, त्यामुळे बिचाऱ्याच्या वाक्याचे दोन तुकडे होतात आणि आपण काय लिहीत होतो हेच त्याला दिसेनासं होतं. पुष्कळ नवखे इथंच खिडकी बंद करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

या खेळांना मड म्हणतात. एकाच वेळी अनेकांनी मिळून खेळायचं, निव्वळ अक्षरांनी रचलेलं जग, एवढी व्याख्या पुरे. त्यांचं रूप नव्या खेळाडूंना आत घेईल असं कसं बदलायचं, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्यावर चर्चा निघाली की एक उत्तर हटकून ऐकू येतं: लोक आता वाचत नाहीत, म्हणून चित्रं घाला. हे निदान चुकीचं आहे. दिवसभर फोनवर संदेश वाचणारी आणि लिहिणारी पिढी मजकुराला बिचकत नाही. ती बिचकते ती एकाच अरुंद पन्हाळीतून सगळं कोसळण्याला. जागेचं वर्णन, जखमेचा हिशेब, शेजाऱ्याचं बोलणं, बाजारातली आरोळी आणि खेळाच्या व्यवस्थापकांची सूचना, सारं एका रांगेत, एका रंगात, एका वेगानं वर सरकत जातं. त्यातलं काय वाचायचं आणि काय सोडायचं हे जुन्या खेळाडूच्या डोळ्यांना सवयीनं कळतं. नव्याला ते कळावं अशी सोय मूळ रचनेत नव्हती, कारण ती रचना झाली तेव्हा तशी गरजच नव्हती.

१९७८ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं डेक कंपनीच्या पीडीपी-१० संगणकावर पहिला मड लिहायला घेतला. १९८० मध्ये त्यानं तो रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवला आणि बार्टलनं त्याला आज ओळखू येईल असा खेळ केला. विद्यापीठाचा संगणक रात्री मोकळा असे, तेव्हा बाहेरच्यांनाही मोडेमवरून आत येऊ दिलं जाई. येणारे सगळेच संगणकात मुरलेले. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिणं हा त्यांचा रोजचा व्यवहार होता, त्यामुळे खेळाचा इंटरफेस असं काही वेगळं शिकायचंच नव्हतं. कचेरीत जे दिसतं तेच खेळात.

पुढं या झाडाला भराभर फांद्या फुटल्या. १९८७ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला ॲलन कॉक्सनं अ‍ॅबरमड लिहिला. हाच कॉक्स नंतर लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांत मोठं नाव झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पन्सनं टायनीमड केला, ज्यात मारामारीपेक्षा गप्पा आणि घरं बांधणं महत्त्वाचं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लार्स पेन्श्यो यांनी एलपीमड आणला, ज्यात जग चालू असतानाच त्याचे नियम बदलता येत. मग डिकू. मोठ्या चित्रमय ऑनलाइन खेळांवर यांचं ऋण किती, हे मोजायची गरज नाही इतकं उघड आहे. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनचे मुख्य रचनाकार राफ कॉस्टर लेजंडमडमधून आलेले. १९९९ चा एव्हरक्वेस्ट डिकूशी इतका मिळताजुळता होता की त्याची संकेतावली चोरली असा बोभाटा झाला; अखेर २००० मध्ये त्याच्या लेखकांना शपथेवर लिहून द्यावं लागलं की आम्ही डिकूची संकेतावली वापरलेली नाही. मडला पुस्तकी प्रतिष्ठा मिळाली, पण गर्दी चित्रांकडे गेली. मागं राहिलेल्या मडांमध्ये जे जुने खेळाडू उरले त्यांना जुन्या पडद्याची तक्रार नव्हती.

मराठी वाचकांतल्या एका पिढीला हा पडदा अगदीच परका नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं शेल खातं होतं ते निव्वळ अक्षरांचं. लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये चित्राच्या जागी त्याचं नुसतं नाव दिसे, पाइनमध्ये पत्रं वाचली जात. मुंबई-पुण्यातल्या कित्येकांची इंटरनेटशी पहिली गाठ अशा पडद्यावर पडली. त्यांच्या मुलांना तो दाखवला तर संगणक बिघडला असंच वाटेल.

रूप गोठलं त्यामागची कारणं नुसती आळसाची नाहीत. सगळ्यांत खोल कारण तांत्रिक आहे. मड टेलनेटवर चालतो, आणि टेलनेटचं आजचं प्रमाण १९८३ चं. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० टर्मिनलवर ओळीत ८० अक्षरं आणि पडद्यावर २४ ओळी मावत. आजही असंख्य मड ८० अक्षरांनंतर ओळ तोडतात. रुंद पडद्यावर त्यामुळे अर्धी जागा रिकामी, आणि फोनवर प्रत्येक ओळ दोनदा मोडलेली.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं, आणि ते खेळाडूंनीच तयार केलेलं आहे. मडचे जुने खेळाडू नुसती टेलनेट खिडकी वापरत नाहीत. झेडमड, मशक्लायंट, टिनटिन, मडलेट असे खास क्लायंट, म्हणजे खेळाशी जोडून देणारे प्रोग्राम, वापरतात. त्यांत ट्रिगर लावता येतो: सर्व्हरकडून ठरावीक वाक्य आलं की ठरावीक आज्ञा आपोआप पाठव. तहान लागल्याची ओळ आली की पखालीतून पाणी पी. तलवार हातातून निसटल्याची ओळ आली की उचल आणि पुन्हा धर. अशा शेकडो ओळींवर एकेका खेळाडूनं वर्षानुवर्षं आपली यंत्रणा उभारलेली असते. आता व्यवस्थापकांनी नव्या लोकांना समजावं म्हणून त्यातलं एक वाक्य सुधारलं, नुसता एक स्वल्पविराम घातला, तरी दुसऱ्या दिवशी जुन्या खेळाडूंचे ट्रिगर मुके होतात आणि ऐन लढाईत माणसं मरतात. मडमध्ये मजकूर हा वाचकासाठीचं गद्य असतो आणि यंत्रासाठीचा निरोपही. या दोन कामांची फारकत होईपर्यंत पडद्याला हात लावणं म्हणजे अर्ध्या गावाशी वैर घेणं.

ही फारकत कशी झाली, ती कहाणी या विषयाचा गाभा आहे. सुदैवानं तिची सोय त्या जुन्या टेलनेटमध्येच दडलेली होती. टेलनेटमध्ये २५५ हा आकडा राखीव आहे. तो आला की पुढचे आकडे छापायचे नसतात, ती दोन यंत्रांमधली आपसातली खूण असते. 'मला अमुक जमतं, तुला जमतं का?' असं एक यंत्र विचारतं, दुसरं हो किंवा नाही म्हणतं. मडवाल्यांनी या फटीतून आपले करार घुसवले. एमसीसीपीनं मजकूर दाबून लहान केला, मोडेमच्या काळात ते मोलाचं होतं. एमएसपीनं आवाज आणले. झेडमडबरोबर आलेल्या एमएक्सपीनं वेबपानासारख्या खुणा मजकुरात पेरायला दिल्या, म्हणजे 'उत्तर' या शब्दावर टिचकी मारून उत्तरेला जाता येऊ लागलं.

निर्णायक ठरला तो जीएमसीपी. याचा टेलनेटमधला क्रमांक २०१. आयर्न रिल्म्स या अमेरिकी कंपनीनं आपल्या अकीया या खेळासाठी आधी एटीसीपी नावाचा करार केला होता, क्रमांक २००. त्याचाच हा पुढचा अवतार. खेळाडू एका खोलीतून दुसरीत गेला की पडद्यावर नेहमीचं वर्णन उमटतं, आणि त्याच क्षणी पडद्याआडून एक छोटं पाकीट येतं: खोलीचा क्रमांक अमुक, नाव अमुक, प्रदेश अमुक, उत्तरेची वाट तमुक क्रमांकाच्या खोलीत जाते. क्लायंट त्यावरून नकाशा आखतो. घाव बसला की दुसरं पाकीट: जीव इतक्यापैकी इतका. क्लायंट पट्टी लहान करतो. कुणी बोललं तर बोलणाऱ्याचं नाव, चॅनलचं नाव आणि वाक्य वेगवेगळ्या खणांत येतं, म्हणजे गप्पांची स्वतंत्र खिडकी करता येते. मुख्य खिडकीत उरतं ते गद्य. आता लेखकानं देवळाचं वर्णन कितीही फिरवून लिहावं, नकाशा बिघडत नाही.

हे वाचताना किरकोळ वाटेल. पण सुरुवातीच्या त्या देवळात उभ्या असलेल्या माणसाचा यामुळे काय फरक पडतो ते पाहावं. '२०एच' ऐवजी त्याला लाल पट्टी दिसते, जी कुठल्याही खेळात दिसते. आपण कुठं आहोत आणि दारं कोणत्या बाजूंना आहेत हे कोपऱ्यातल्या नकाशात दिसतं. तलवार विकणाऱ्याची आरोळी बाजूच्या चौकटीत जाते. लिहायची जागा खाली वेगळी आहे, तिथं कुणी घुसत नाही. एकही चित्र घातलेलं नाही, एकही वाक्य कमी केलेलं नाही.

पैसे घेऊन खेळ चालवणाऱ्यांना हे शहाणपण लवकर आलं, यात नवल नाही. जेमस्टोन आणि ड्रॅगनरिल्म्स चालवणाऱ्या सिम्युट्रॉनिक्सनं नव्वदच्या दशकातच स्वतःचा क्लायंट दिला होता. त्यात उघड्या वाटा दाखवणारं होकायंत्र होतं, डाव्या-उजव्या हातात काय आहे त्याच्या दोन चौकटी होत्या, आणि एका कृतीनंतर पुढच्या कृतीपर्यंत किती सेकंद थांबायचं ते दाखवणारी पट्टी होती. डिकूच्या परवान्यावर फुकट चालणाऱ्या मडांना पगारी माणूस ठेवणं शक्यच नव्हतं. तिथं इंटरफेस म्हणजे कुणा हौशी खेळाडूनं रविवारी केलेलं काम. त्यातूनही आर्डवुल्फसारख्या १९९६ च्या फुकट मडनं मशक्लायंटचं स्वतःचं तयार गाठोडं काढलं, नकाशा आणि गप्पांच्या खिडक्यांसकट. मनावर घेतलं तर हौसेतूनही होतं.

पण गाठोडं उतरवून घ्यावं लागतं, आणि तिथंच पुढचा अडसर आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं टेलनेट मुळात बंद करून ठेवला. हवा असेल त्यानं सेटिंगमध्ये शिरून चालू करावा. २०१७ मध्ये ॲपलनं मॅकमधून तो काढूनच टाकला. सुरक्षेच्या दृष्टीनं दोघांचंही बरोबर होतं, टेलनेटवरून पासवर्डसुद्धा उघडा जातो. पण 'हा पत्ता, हा पोर्ट, टेलनेटनं जोडा' एवढ्यावर चालणाऱ्या शेकडो खेळांचं दार त्यामुळे भिंतीत गेलं. ब्राउझरला सरळ टेलनेट बोलता येत नाही. डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण ठरलं आणि मग मात्र पानात न थांबता दोन्हीकडून मजकूर वाहू लागला. आयर्न रिल्म्सचा नेक्सस हा क्लायंट ब्राउझरमध्येच उघडतो. पायथनमध्ये लिहिलेली एव्हेनिया ही मुक्त यंत्रणा वापरून नवा मड उभारला तर टेलनेटबरोबर वेबक्लायंटही सुरुवातीपासून तयार मिळतो. आज नवा मड काढणाऱ्यानं ब्राउझरची सोय नसताना दार उघडलं, तर लोक येत नाहीत ही तक्रार त्यानं करू नये.

फोनचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. मड म्हणजे भराभर लिहिलेल्या आखूड आज्ञा. फोनचा कीबोर्ड अर्धा पडदा खातो आणि लिहिलेलं स्वतःच्या अकलेनं बदलतो. 'इन्व्हेंटरी'साठी लिहिलेल्या एका 'आय'पुढं तो भलतेच शब्द सुचवत बसतो. दिशांची बटणं, नेहमीच्या आज्ञांची पट्टी, समोरच्या वस्तूवर बोट ठेवलं की तिच्याशी काय करता येईल त्याची यादी, असे उपाय आहेत. ते चालतात, पण लढाईपर्यंत. लढाईत बोटं कमी पडतात.

बटणांच्या प्रश्नावर या क्षेत्रात खरी वादावादी आहे. काहींनी टंकणं सोडूनच दिलं. २००३ चा किंगडम ऑफ लोदिंग काडीच्या माणसांच्या चित्रांवर आणि दुव्यांवर चालतो. २००९ मध्ये सुरू झालेला फॉलन लंडन पत्त्यांसारख्या छोट्या प्रसंगांतून निवड करायला लावतो. दोन्ही उत्तम लिहिलेले, विनोदाची जाण असलेले, आणि दोन्हींना असे वाचक लाभले ज्यांनी मडचं नावही ऐकलं नसेल. मजकूर विकला जात नाही म्हणणाऱ्यांना हे दोन खेळ पुरेसं उत्तर आहेत. पण त्यांनी मोजलेली किंमतही पाहायला हवी. फॉलन लंडनमध्ये खेळाडू आपल्या सवडीनं पान उलटतो. शेजारी उभा असलेला दुसरा माणूस त्याच क्षणी हसत नाही की पळत नाही. आणि निवड यादीतूनच करायची असल्यानं यादीत नसलेलं काही सुचलं तरी करता येत नाही. मडमध्ये राजाच्या दरबारात उभं राहून कुणी मनाला येईल ते वाक्य बोलू शकतो, हवी ती हालचाल स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. भूमिका घेऊन खेळण्याचा सगळा रस त्या मोकळ्या ओळीत आहे. तेव्हा बटणं जरूर असावीत, पण टिचकी मारल्यावर तीच आज्ञा लिहायच्या जागेत अक्षरांत दिसावी. म्हणजे चार दिवसांत खेळाडू ती स्वतः लिहू लागतो. आणि 'हं?!' हे उत्तर तर कायमचं हद्दपार करायला हवं. 'मला बाहेर जायचंय' असं लिहिणाऱ्याला 'बाहेरची वाट दक्षिणेला आहे, एस लिहा' एवढं सांगणं आजच्या संगणकाला जड नाही.

आता एका अशा गटाकडे वळायला हवं, ज्याचा विचार नूतनीकरणाच्या उत्साहात सगळ्यांत शेवटी होतो. अंध खेळाडू. मड हा त्यांच्यासाठी डोळस माणसाच्या बरोबरीनं खेळता येणारा दुर्मीळ ऑनलाइन खेळ आहे. मजकूर येतो, स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो, खेळाडू उत्तर लिहितो. अनुभव अर्धामुर्धा होत नाही. ऑस्ट्रेलियात निक गॅमन यांनी केलेला मशक्लायंट या खेळाडूंत प्रिय आहे, कारण त्याला स्क्रीन रीडरशी नीट जोडता येतं. नव्वदच्या दशकात सुरू झालेला ऑल्टर इऑन हा मड आपल्या अंध खेळाडूंसाठी खास सोयी राखतो. अकीयामध्ये स्क्रीन रीडरसाठी वेगळी सेटिंग आहे. क्लायंटची ओळख सर्व्हरला पटवून देणाऱ्या एमटीटीएस या करारात तर ६४ हा आकडा याच कामासाठी ठेवलेला आहे: तो कळवला की सर्व्हरनं समजायचं, समोरचा माणूस ऐकतो आहे.

कळल्यावर सर्व्हरनं करायचं काय? जुन्या मडांमध्ये नकाशा विरामचिन्हांनी काढलेला असतो, उभ्या-आडव्या रेघा आणि तारका. डोळ्यांना तो गोड दिसतो. स्क्रीन रीडर मात्र 'रेघ रेघ रेघ उभी रेघ तारका' असं वाचत सुटतो आणि तेवढ्यात मागून कुणीतरी सुरा खुपसतो. अशा वेळी नकाशा गाळून 'चौक उत्तरेला तीन घरांवर' हे वाक्य द्यायचं असतं. पट्ट्या आणि रंगीत चौकटींचंही तसंच. लाल पट्टी आणली म्हणून आकडा काढून टाकला, तर एका गटाला आत घेताना वर्षानुवर्षं सोबत असलेल्या दुसऱ्याला बाहेर काढलं असं होतं. पडद्याआडची पाकिटं इथंही कामी येतात: तीच माहिती एकाला पट्टी म्हणून, दुसऱ्याला बोलणं म्हणून. एखाद्या मडचं नूतनीकरण जमलं की फसलं हे ठरवायचं असेल, तर आधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या खेळाडूला विचारावं.

देवनागरीची अडचणही याच जातीची. 'क्षेत्र' हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. ८० बाइट झाले की ओळ तोडणारा जुना सर्व्हर २६ चिन्हांनंतर सत्ताविसाव्याचे मधेच तुकडे करतो. सर्कलमडसारख्या डिकूच्या वारसांची मूळ संकेतावली तर इंग्रजी मुळाक्षरांच्या संचाबाहेरचं काहीही आलं की गुपचूप गाळते. मराठीत लिहिलेलं वाक्य सर्व्हरला रिकामी ओळ म्हणून मिळतं. आणि टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक सारखा चौकोन देतं, तिथं जोडाक्षर आणि वेलांटी कुठं बसवायची? मराठीत मड करायचा तर एव्हेनियासारखी युनिकोड समजणारी यंत्रणा आणि ब्राउझरचा पडदा यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. नकाशे आणि तक्ते चौकोनांच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

इंटरफेस बदलला की खेळही बदलतो, ही गोष्ट जुने खेळाडू तावातावानं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. बार्टल यांनी १९९६ मध्ये मडच्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला मारण्यात आनंद मानणारे. शोध घेणाऱ्याला आपोआप आखला जाणारा नकाशा हा रसभंग वाटतो. वहीत रेघा ओढत चक्रव्यूहाचा उलगडा करणं हाच त्याचा खेळ होता. त्याच्यासाठी नकाशा बंद करायची सोय ठेवावी, इतकंच. तेवढ्यासाठी बाकीच्यांना अंधारात ठेवणं बरोबर नाही.

याउलट, नीट केलेला बदल जुनी विषमता कशी कमी करतो याचं उदाहरण अकीयाच देतो. तिथली द्वंद्वं गाजलेली आहेत. प्रतिस्पर्धी एकामागून एक व्याधी लादतो, आंधळेपणा, पक्षाघात, झोप, आणि त्यांवर वेगवेगळे उपचार. हे हातानं लिहून जमत नाही, म्हणून खेळाडू स्वतःची उपचारयंत्रणा लिहीत किंवा दुसऱ्याची विकत घेत. म्हणजे नव्या माणसानं लढण्याआधी प्रोग्रामर व्हायचं! पुढं खेळानं ही उपचारयंत्रणा सर्व्हरवरच दिली, सगळ्यांना सारखी. क्रम कसा लावायचा ही चलाखी खेळाडूकडे राहिली, पण आत येण्याचं शुल्क संपलं. पडद्यावर यातलं फारसं काही दिसत नाही, तरी नव्या खेळाडूच्या दृष्टीनं हा कुठल्याही रंगीत चौकटीपेक्षा मोठा बदल होता.

आणि तरीही, सुंदर पडद्यामागं रिकामं गाव असेल तर नवा माणूस टिकणार नाही. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी हाक मारली, वाट दाखवली, फाटकी का होईना ढाल दिली, तर तो परत येतो. चांगला इंटरफेस एवढंच करू शकतो की ती हाक त्याला ऐकू यावी, पन्हाळीत वाहून जाऊ नये. नवख्यांची चौकट वेगळी ठेवणं, तिथं कोण मदतनीस जागा आहे हे दाखवणं, 'विचारा' असं एक ठसठशीत बटण देणं, ही कामं अगदी साधी आहेत आणि बहुतेक नूतनीकरणांत ती यादीच्या तळाशी सापडतात.

पुढच्या प्रकरणांत करार, क्लायंट, ब्राउझर आणि पहिल्या काही मिनिटांची रचना यांचा तपशील येईल. वाचकानं त्याआधी एक करावं. ब्राउझरमधून अकीया उघडावं, किंवा मडलेट उतरवून घेऊन त्यातल्या तयार यादीतला एखादा खेळ निवडावा. थोडा वेळ खेळावं, आणि जिथं अडलं ती प्रत्येक जागा कागदावर टिपून ठेवावी; पुढचं वाचन त्या टिपणाशी ताडून करावं. दोन्हीला पैसे पडत नाहीत.